भुसावळात फर पारखताना

पारा ४५ च्या पुढे सरकला की भुसावळकरानं पहिली काळजी कसली करावी? अर्थात, आपल्या जॅकेटच्या कॉलरची फर अस्सल आहे की नकली याची. पाणी, वीज वगैरे नंतर बघता येईल. जळगावच्या सराफात हॉलमार्क पाहिल्याशिवाय अंगठीला हात न लावणारा माणूस "भाऊ, एकदम ओरिजिनल" एवढ्यावर फर घेऊन मोकळा होतो, हे काही बरं नव्हे.

तर पुढच्या लग्नात पाहुण्यांची गळाभेट घ्या आणि घेता घेता कॉलरचे केस बाजूला सारून मूळ बघा. खाली कातडं दिसलं तर जनावराचं, विणलेलं कापड दिसलं तर कारखान्याचं. टोकंही बघा. अस्सल केस निमुळता होत जातो, नकली सरळ कापलेला असतो. (कातरलेली अस्सल फरही मिळते, म्हणून नुसत्या टोकांवर जाऊ नका.) नवरदेवाचा मामा "हाई काय करी ऱ्हायनात भो?" म्हणाला तर हसा आणि दोन केस उपटून घ्या.

आता काडेपेटी. पाहुण्याच्या मानेपासून लांब जा, तेवढी माणुसकी ठेवा. बोकडाची मुंडी भाजताना येतो तसला वास आला आणि राख बोटांत चुरगळली, तर खरी. प्लॅस्टिकचा वास येऊन टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक, म्हणजे नकली.

खरी निघाली की खुशाल मिरवा, फक्त कोणाची ते बोलू नका. बिबट्याची असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तीन ते सात वर्षांच्या सरकारी पाहुणचाराची सोय आहे. सातपुड्यातला बिबट्या तीच फर बिनपावतीची घालून हिंडतो, पण त्याची ओळख वरपर्यंत असावी. दुकानदार 'इम्पोर्टेड मिंक' (मुंगसासारखा एक परदेशी प्राणी) म्हणाला, तर मान डोलवा. मिंकच्या कातड्यांची आयात सरकारनं २०१७ मध्येच बंद केली, हे सांगून त्याचा हिरमोड कशाला करायचा?

प्राण्यांची दया येऊन मुद्दाम नकली घेतलेल्या ताईंनीही निर्धास्त राहू नये. परदेशात नकलीच्या लेबलाखाली खरी फर विकल्याचं उघड झालंय, कारण काही जनावरं चांगल्या नकलीपेक्षा स्वस्त पडतात.

एवढ्यानंही समाधान झालं नाही, तर कोट डांबरगोळ्यांशिवाय पत्र्याच्या पेटीत टाका. खऱ्या फरला थंड, हवेशीर जागा लागते, ती मार्च ते जून आपल्याकडे माणसालाही मिळत नाही. कसर ॲक्रिलिकला तोंड लावत नाही. पावसाळ्यात पेटी उघडा. कोट जसाच्या तसा असेल तर दुकानदाराशी भांडायला जा, चाळण झाली असेल तर पेढे वाटा.