गाठी दिसल्या म्हणून बाळाला कॅल्शियम पाजू नका

परवा दुकान उघडतो न उघडतो तोच मावशीचा फोन. "कॅल्शियमचं सिरप आणि डी व्हिटॅमिनचे थेंब काढून ठेव रे, संध्याकाळी येते." कोणासाठी? तर सव्वा महिन्याच्या नातवासाठी. जन्मताना गुदमरलेलं पोर, इस्पितळात 72 तास थंड ठेवलेलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या पाठीवर नि दंडावर कडक, लालसर-जांभळ्या गाठी आहेत. उपाय सापडला वाड्याच्या ग्रुपवर: 'बर्फात ठेवून बाळाची कातडी जाळतात. गाठींचा पुढे कॅन्सर होतो. ही कॅल्शियम कमी झाल्याची खूण. डी व्हिटॅमिन दुप्पट द्या, कॅल्शियम पाजा, उन्हात ठेवा, गरम खोबरेलाने गाठी रगडा.' खाली हात जोडलेले तीन.

मी डॉक्टर नाही, फोंड्यात औषधं विकतो. पण हा मेसेज वाचून गप्प बसवेना.

बर्फात कोणी बुडवत नाही. थंड पाणी खेळवलेल्या गादीवर ठेवून बाळाचं तापमान साधारण 33.5 अंशांवर धरतात, तेही जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून, मेंदूची हानी कमी व्हावी म्हणून. गाठ म्हटली की कॅन्सर, हे तर आपलं नेहमीचंच. या गाठी म्हणजे कातडीखालची मेलेली चरबी, बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप विरते.

थंडीचा संबंध मात्र आहे, हे कबूल करतो. डिसेंबरातल्या सकाळी खोबरेलाची बाटली थिजते ना, तसंच काहीसं. नवजात बाळाच्या चरबीत लवकर थिजणारी आम्लं जास्त असतात. पण गुदमरलेल्या बाळांना थंड न करताही या गाठी येतात. आणि किती जणांना? ब्रिटनमधल्या थंड केलेल्या बाळांच्या नोंदवहीवरून 2011 मध्ये अभ्यास छापून आला: 1239 बाळांपैकी 12. शंभरात एक.

आता खरा धोका. कॅल्शियम.

या गाठींत कॅल्शियम कमी नसतं, उलट रक्तात ते *वाढू* शकतं. मेलेल्या चरबीभोवती जमलेल्या पेशी डी व्हिटॅमिनचं सक्रिय रूप स्वतःच तयार करू लागतात, मग आतडं खाल्लेलं कॅल्शियम जास्तच ओढतं. त्यावर तुम्ही दुप्पट थेंब नि सिरप ओतणार? कॅल्शियम वाढलं की पोर दूध तोडतं, ओकतं, शी होत नाही, मलूल पडतं, वजन वाढत नाही. मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं ते वेगळंच. अशा वेळी डॉक्टर डी व्हिटॅमिन बंद करतात, कधी कमी कॅल्शियमचं दूधही देतात. मेसेजवाल्याने नेमका उलटा उपाय लिहिलाय! आणि गाठी विरल्या तरी ही वाढ नंतर होऊ शकते, म्हणून रक्त काही महिने पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

निरोगी तान्ह्याला रोज 400 युनिट डी व्हिटॅमिन देतात, ते बरोबरच. रोज विकतो मी. पण गाठी असलेल्या बाळाला ते द्यायचं की थांबवायचं, हे रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरच सांगणार, वाड्याचा ग्रुप नव्हे.

रगडणं? तिथली कातडी आधीच दुखरी, रगडून ती फुटेल. पुरे.

एक गोष्ट मेसेजवाल्यांना ठाऊकच नाही, नाहीतर तीच नाचवली असती. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरच्या 2021 च्या हेलिक्स चाचणीत थंड केल्याने फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. आपल्याकडे ही पद्धत कधी वापरावी, यावर शंका घ्यायला जागा आहे, अगदी रास्त. पण ती जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतली गोष्ट, सव्वा महिन्याने गाठींवर सिरप पाजण्याशी तिचा काय संबंध?

मावशी संध्याकाळी आली. सिरप मी दिलं नाही. तिने नाराजीनेच सुनेला फोन लावला, रक्ताची तपासणी सोमवारी ठरली. थेंबांची एक बाटली आधीच दुसरीकडून घेतली होती म्हणे. ती कपाटात ठेवलीये. फेकवत नाही, पैसे पडलेत.