यंदा गावाहून नारळ आले नाहीत

दरवर्षी चतुर्थी आटोपली की आजोळहून आमच्या ठाण्याच्या घरी एक गोणी येते. रात्रीच्या बसच्या डिकीतून. मी पहाटे माजिवड्याला जाऊन ती उतरवून घेते. तीस-चाळीस नारळ, त्यात मावशीने कोंबलेली कोकमं आणि केळीच्या सोपटात गुंडाळलेली सुपारी. आजोळ सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात. यंदा गोणी आली नाही. परसातले अकरा माड हत्तीने एका रात्रीत आडवे केले.

मी जाऊन पाहून आले. हत्ती माडाला कपाळ लावून रेटतो, झाड पडलं की शेंड्यातला कोवळा गाभा खातो आणि पुढच्या माडाकडे वळतो. केळी सोलून आतला पांढरा दांडा तेवढा खाल्लेला, बाकी सगळा चिखल. त्या चिखलात परातीएवढं पाऊल उमटलेलं आणि त्यात पाणी साठलेलं. मावशी त्याच्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "माड वाढाक पंधरा वर्सां लागतत गो बाय, पाडाक पाच मिनिटां."

हे लिहायचं कारण म्हणजे हत्तीच्या व्हिडिओंखाली आपण शहरातली माणसं जे लिहितो ते. "माणसांनीच त्यांचं जंगल खाल्लं, आता भोगा." कोणी भोगायचं? माझ्या मावशीची बागायत तिच्या सासऱ्याने लावलेली आहे. तिच्या लग्नानंतर कित्येक वर्षं त्या भागात हत्ती कोणी पाहिलाच नव्हता. ते आले २००२ साली, कर्नाटकातल्या दांडेलीकडच्या जंगलातून. तिथे त्यांचा अधिवास तुटत गेला म्हणून ते इकडे सरकले. एका हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो. तिलारीत बारमाही पाणी आणि गावागावांत माड, केळी, सुपारी. ते परत कशाला जातील?

दुसरीकडे गावातले तरुण म्हणतात, पकडून न्या. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात काजू गोळा करायला गेलेला सत्तरीचा शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला. त्यानंतर हा राग कोणाला कळणार नाही? मलाही कळतो. पण पकडण्याचा प्रयोग सिंधुदुर्ग जिल्ह्याने करून पाहिला आहे. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात कर्नाटकातून प्रशिक्षित हत्ती आणून तीन रानहत्ती पकडले. त्यातले दोन काही महिन्यांतच मेले. आणि दोडामार्गात हत्ती यायचे थांबले नाहीत. वाट मोकळी असेल तर एकाच्या जागी दुसरा येतोच.

हे ठाणेकरांना तरी कळायला हवं. येऊरच्या पायथ्याशी राहतो आपण. २००४ च्या सुमारास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती बिबट्याच्या हल्ल्यांत किती माणसं गेली! तेव्हाही "पिंजरे लावा" हीच मागणी होती. बिबटे उचलून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, हे हळूहळू लक्षात आलं. मग कचरा उचलणं, अंधारात मुलांना एकटं न सोडणं, वस्त्यांमध्ये जाऊन माणसांशी बोलणं सुरू झालं. २०१९ मध्ये बिबट्या थेट कोरम मॉलमध्ये शिरला होता, तरी शहर वेडंपिसं झालं नाही. हे शहाणपण आपल्याला मिळालं, कारण आपल्यासाठी यंत्रणा हलली. दोडामार्गासाठी तशी हलत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

उपाय नाहीत असं कोणी सांगू नये. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती कुठे आहेत हे संध्याकाळी लोकांच्या मोबाइलवर मेसेजने कळतं, केबल टीव्हीवर पट्टी फिरते, हत्ती जवळ असला की मोक्याच्या जागी लाल दिवे लागतात. बहुतेक माणसं मरतात ती अंधारात अचानक समोरासमोर आल्याने. तो अचानकपणाच काढून टाकला की अर्धं काम झालं. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण करून पाहिलं आहे, कारण एवढा मोठा प्राणी मधमाशीला घाबरतो. देशात दरवर्षी सुमारे पाचशे माणसं हत्तींमुळे जीव गमावतात. २०२५ च्या डीएनए गणनेनुसार रानहत्ती उरलेत २२,४४६. दोन्ही आकडे एकाच माणसाला झोंबायला हवेत.

आमच्याकडे हत्तीच्या मागावर रात्र-रात्र फिरणारी गावातलीच पोरं आहेत. त्यांच्या हातात बॅटरी आणि फटाके, बाकी काही नाही. त्यांना पगार, विमा आणि धड वाहन द्या. आणि भरपाई वेळेत द्या. मावशीच्या आधीच्या नुकसानीचे पैसे सव्वा वर्षाने मिळाले, तेही कचेरीत सहा खेपा घातल्यावर. तेवढ्या काळात माणसाच्या मनात हत्तीबद्दल उरलीसुरली माया राहील का? तरी मावशी अजून त्याला शिवी देत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणखी एक, थोडं कडू. त्या खोऱ्यात डोंगरच्या डोंगर साफ करून रबर आणि अननस लावले गेले. आता "तिलारीजवळ निसर्गरम्य प्लॉट" अशा जाहिराती आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर येतात. घेणारे आपणच, ठाणे-मुंबईचे. तुम्ही घालाल ते तारेचं कुंपण हत्तीला आडवं आलं की तो वळून कोणाच्या परसात शिरणार आहे, एवढं तरी गावात जाऊन विचारा.

दोडामार्ग, चंदगड, आजऱ्याकडची जी मंडळी इथे ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत आहेत, त्यांना हात जोडून एक सांगणं आहे. गावी म्हातारी माणसं एकटी आहेत. अर्ज, सातबारा, फोटो, बँकेचा कागद हे सगळं त्यांना जमत नाही. पुढच्या खेपेला दोन दिवस जास्त राहा आणि वाडीतल्या कोणाकोणाचे पंचनामे अडकलेत ते बघा. मावशीचा अर्ज मी भरून आले. शेजारच्या दोन घरांचे कागद माझ्या पिशवीत आहेत, उद्या ऑफिस सुटल्यावर ते स्कॅन करायला बसायचंय.