टॉवर स्पीकरला ‘स्मॉल’ का करायला सांगतो: वेंगुर्ल्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर टाईप करायला बसलो आणि लाईट गेली, म्हणून आज सकाळी सावकाश लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादांनी आठ इंची वूफरचे (बेस काढणाऱ्या भागाचे) टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेतलेत, माझा लेख वाचून रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्पच्या मेनूत, ते ‘लार्ज’चे ‘स्मॉल’ केले, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे (सबकडे) जातो तो आकडा, ८० हर्ट्झ लावला आणि त्यांचं म्हणणं असं की बेसच गेला. ‘एवढे पैसे घालून घेतलेल्या टॉवरला स्मॉल म्हणायचं तर बुकशेल्फ (छोटे स्पीकर) काय वाईट होते’, हे त्यांचं वाक्य. आणि शेवटी असंही लिहिलंय की तुम्ही पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी लिहिता, इथे जांभ्याच्या घरात ते चालत नाही.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या लेखात सबच्या मागच्या कटऑफच्या नॉबबद्दल (सबने किती हर्ट्झपर्यंत वाजवायचं ते हा नॉब ठरवतो) एक ओळही नव्हती आणि ती असायलाच हवी होती. तुम्ही लिहिलंय की तो नॉब डीलरने ६० वर ठेवला होता आणि तुम्ही त्याला हात लावलेला नाही. तुमचा बेस बहुतेक तिथेच गेलाय. आता बघा काय होतंय, रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचं टॉवरकडून काढून सबकडे पाठवतोय, सब त्याच्या स्वतःच्या नॉबमुळे ६० च्या वरचं वाजवत नाहीये, मग मधलं ६० ते ८० कोणी वाजवायचं? टॉवरला ते मिळत नाही आणि सब ते घेत नाही. फिल्टर काही सुरीने कापल्यासारखं काम करत नाही, उतरण असते, त्यामुळे तिथे पूर्ण शांतता नसते, पण खड्डा पडतो आणि पखवाजाचा, बेस गिटारचा बराचसा दम नेमका त्याच भागात असतो. तेव्हा पहिलं काम हेच करा, सबवर ‘एलएफई’ किंवा ‘बायपास’ असं बटण असेल तर ते लावा, नसेल तर नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. कापायचं काम एकट्या रिसीव्हरला करू द्या, दोघांनी एकाच ठिकाणी कात्री चालवायची नाही.

आता मूळ मुद्दा. ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ हे शब्द ज्याने मेनूत टाकले त्याने खूप लोकांचा गोंधळ करून ठेवलाय. स्पीकर केवढा उंच आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘लार्ज’ म्हणजे या स्पीकरला सगळं पाठव, अगदी २० हर्ट्झपर्यंत, आणि ‘स्मॉल’ म्हणजे क्रॉसओव्हरच्या खालचं याला देऊ नको, सबला दे. बस एवढंच. छातीएवढा टॉवर पण ‘स्मॉल’ असू शकतो आणि बहुतेक घरांत सब असेल तर तो तसाच असावा असं माझं ठाम मत आहे.

का ते सांगतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, म्हणजे ८० च्या जागी ४० हर्ट्झ, तर कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट मागेपुढे व्हावं लागतं. २० हर्ट्झला सोळापट. तुमचा आठ इंची वूफर चांगला आहे, पण त्याने ही धावपळ करताना वरचा आवाजही त्यालाच काढायचाय आणि कोन एवढा हलत असताना तो वरचा आवाज गढूळ होतो. त्यात टॉवरला मागे भोक असेल, म्हणजे पोर्टेड असेल, तर ते भोक ज्या सुराला जुळवलेलं असतं (पोर्टचं ट्यूनिंग) त्याच्या खाली गेल्यावर कोनला आतल्या हवेचा आधारच राहत नाही, तो नुसता फडफडतो. आणि रिसीव्हरची पॉवर? ३ डेसिबल वाढवायचे म्हणजे पॉवर दुप्पट, आणि सगळ्यात जास्त पॉवर खाली बेसमध्येच जाते. ते ओझं सबच्या स्वतःच्या अॅम्पकडे गेलं की रिसीव्हरला टॉवरसाठी मोकळा श्वास मिळतो. टॉवरचे पैसे वाया जात नाहीत हो, उलट ८० च्या वर ते जास्त स्वच्छ वाजतात.

डीलरच्या ‘लार्ज’मध्ये काय होत होतं तेही तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. ‘गाण्यांना सब वाजतच नव्हता म्हणून त्याने सबचा आवाज वाढवून दिला.’ बरोबर, कारण फ्रंट, म्हणजे पुढचे दोन स्पीकर, तुमच्याकडे टॉवर, ‘लार्ज’ असले आणि सबचा मोड साधा ‘एलएफई’ असला की त्या टॉवरचा बेस सबकडे जातच नाही. सबला मिळतो फक्त ५.१ मधला तो ‘पॉइंट वन’, म्हणजेच एलएफई, हा नुसत्या खालच्या आवाजाचा वेगळा ट्रॅक, तो सिनेमात असतो, स्टिरिओ गाण्यांत नसतो. मग गाण्यांना सब गप्प, आणि वाढवून ठेवलेला सब सिनेमा लागला की घर डोक्यावर घेतो. काही जण यावर उपाय म्हणून ‘एलएफई प्लस मेन’ करतात, म्हणजे तोच बेस टॉवरपण वाजवणार आणि सबपण. पहिल्या पाच मिनिटांत भारी वाटतं, पण दोन वेगळ्या जागांवरून आलेल्या लाटा कुठे एकमेकींत मिळतात आणि कुठे एकमेकींना मारतात, त्यामुळे एक सूर घुमतो आणि पुढचा सापडत नाही. सबच नसेल तर मात्र फ्रंट ‘लार्ज’च, बहुतेक रिसीव्हर सब ‘नो’ केला की स्वतःच तसं करून टाकतात.

८० हा आकडा मी माझ्या मनाने काढलेला नाही. लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन होलमन यांनी काम केलं त्यातून १९८३ साली टीएचएक्स हे सिनेमाच्या आवाजाचं मानक आलं आणि पुढे घरच्या सिस्टीमसाठी त्यांनी हाच आकडा धरला. एवढ्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. शिमग्यात रात्री पालखी फिरत असते तेव्हा लांबून आधी ढोलाचं घुमणं येतं, पण पालखी नेमकी कुठल्या वाडीत पोचली हे नुसत्या ढोलावरून सांगता येत नाही, ताशा किंवा सनई कानावर आली की मग बोट दाखवता येतं. सब कोपऱ्यात असूनही बेस पडद्यावरून आल्यासारखा वाटतो तो यामुळेच. क्रॉसओव्हर १५० वर नेलात तर पुरुषाचा आवाजसुद्धा सबमधून येऊ लागेल आणि कोपरा बोलतोय असं वाटेल. तुमच्या टॉवरला ६० पण झेपेल, दोन्ही लावून ऐका, माझी हरकत नाही. फक्त मेनूत ‘एलपीएफ फॉर एलएफई’ असं वेगळं सेटिंग दिसलं तर ते १२० वरच राहू द्या, ते त्या ‘पॉइंट वन’ ट्रॅकसाठी आहे, त्याचा या ८० शी संबंध नाही.

आता जांभ्याचं घर. इथे तुमचं बरोबर आहे, आणि मी स्वतः रत्नागिरीत राहून हे लिहिलं नाही याचं मला वाईट वाटलं. जांभ्याची जाड भिंत, वर सिमेंटचा गिलावा, ही बेसला जवळजवळ शोषतच नाही, लाट आपटून परत येते. वर स्लॅब असेल तर एकेक सूर भयंकर घुमतो. वर नुसती कौलं असतील तर उलटं, बराच बेस कौलांतून बाहेर जातो आणि सब अशक्त वाटतो, तिथे फ्लॅटवाल्यांचा सल्ला खरंच चालत नाही.

माझ्या मावसभावाचं गुहागरला असंच घर आहे, मजघरात सिस्टीम, खोली १४ फूट लांब, सोफा बरोबर मधोमध. त्याची पण हीच तक्रार, बेस नाही. १४ फुटाच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास लाट दोन भिंतींमध्ये अडकते, भिंतीपाशी सगळ्यात जोरात आणि मधोमध जवळजवळ शून्य. टेस्ट टोन लावून मी सोफ्यावर बसलो तर काही नाही, उठून मागच्या भिंतीपाशी गेलो तर फळीवरची पितळेची लोटी थरथरत होती. सोफा अडीच फूट मागे घेतला, सेटिंग एकही बदललं नाही, आणि बेस आला. तुमचा सोफा कुठे आहे ते मोजा. सोफा हलत नसेल तर सब हलवा: सब उचलून सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा, कान सबच्या उंचीवर, आणि जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सब ठेवा. मी असा रांगत होतो तेव्हा आत्या विचारत होती काय हरवलंय, पण जागा सापडली. भिंतीला मात्र चिकटवू नका, पावसाळ्यात जांभ्याला ओल येते, अर्धा फूट सोडा आणि खाली लाकडी पाट घाला.

आणखी एक, तुम्ही समुद्रापासून जवळ आहात म्हणून मुद्दाम विचारतो, वायरी कधी सोलल्यात? खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं. मी दरवर्षी गणपतीच्या आधी टोकं कापून नव्याने सोलतो. एका वर्षी असंच करताना एका टॉवरची प्लस-मायनस उलटी लागली आणि दोन दिवस मी सेटिंगच बदलत बसलो, एक कोन पुढे तेव्हा दुसरा मागे, बेस एकमेकांत मरत होता. तपासायला सोपं आहे, वायर रिसीव्हरमधून काढा आणि पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस वायरच्या प्लसला. वूफर बाहेर यायला हवा, दोन्हीकडे सारखाच.

हे सगळं झालं की ऑटो सेटअप (रिसीव्हर माईक लावून स्वतः मोजमाप करतो ते) परत चालवा, माईक सोफ्यावर कानाच्या उंचीला, पंखा बंद. त्याने टॉवर पुन्हा ‘लार्ज’ दाखवले तर हाताने ‘स्मॉल’ करा. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर त्याला हात लावू नका, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो. सबची लेव्हल उणे १२ आली असेल तर मात्र ते बऱ्याच रिसीव्हरचं टोक असतं, सबचा व्हॉल्यूम मागून कमी करून पुन्हा चालवा. शेवटी ८० चा टोन लावून सबवरचा फेजचा स्विच (सबची लाट सरळ की उलटी ते ठरवणारा) ० आणि १८० करून बघा, सोफ्यावर जिथे जास्त जोरात येईल ते ठेवा.

आधी फक्त नॉब फिरवा आणि तेवढ्याने किती फरक पडला ते खाली लिहा, म्हणजे बाकीचं किती करायचं ते कळेल. वर कौलं आहेत की स्लॅब तेही सांगा. मूळ लेखात नॉबची ओळ आत्ताच घातली आहे.