तिस्कावरचा कोला आणि भिरंडाचे सरबत

गोव्यातल्या फोंड्याच्या तिस्क नाक्यावर लिंबूसोड्याच्या गाड्यापाशी काल संध्याकाळी आम्ही नेहमीचे चौघे जमलो आणि विषय निघाला तो कोलाच्या नव्या जाहिरातीचा. आमच्या भाईंची हयात शीतपेयांच्या एजन्सीत गेल्यामुळे त्यांचे प्रत्येक वाक्य 'मार्केट सांगते' असे सुरू होते. "मार्केट सांगते, गिऱ्हाईक चवीला भुलते," त्यांनी ठणकावले.

"मग १९८५ साली काय झाले?" मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांना नवे मिश्रण चाखायला दिले, बहुतेकांना ते आवडले, म्हणून जुने बंद केले; आणि अमेरिकेत एवढा संताप उसळला की ७९ दिवसांत जुने परत आणावे लागले. चव कोणती आवडते एवढेच विचारले होते. सवयीचे पेय काढून घेतले तर कसे वाटेल, हे विचारायचे राहून गेले."

आपल्याकडे माणूस फक्त किंमत बघतो, असे भाई म्हणाले.

"भाई," मास्तर म्हणाले, "१९९३ साली पार्लेकडून थम्स अप विकत घेऊन कोका-कोलाने स्वतःचा कोला पुढे रेटला, तरी लोक थम्स अपच मागत राहिले. दोन्ही क्रेट तुम्हीच एका टेम्पोतून उतरवत होता. कडक पेय पिणारा तो धाडसी गडी, ही भावना लोक विकत घेत होते."

फार्मसीवाल्या दादांनी २००४ सालच्या अमेरिकेतील मेंदूच्या प्रयोगाची आठवण दिली. नाव झाकून दिले तेव्हा कोका-कोला आणि पेप्सी यांना पसंती जवळपास सारखीच होती. कोका-कोलाचे नाव दाखवताच मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागही जागा झाला.

"तेच तुमच्या मुलीच्या लग्नात दिसले," मास्तर भाईंकडे वळले. "पाहुण्यांपुढे बाटल्या, आणि वहिनींनी घरच्या आगळाचे, म्हणजे कोकमाच्या रसाचे, केलेले भिरंडाचे सरबत मागच्या दारी आचाऱ्यांना!"

हा राग मास्तरांनी नऊ वर्षे जपला आहे, आणि तो मला रास्त वाटतो. उन्हातून आलेल्याला भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सरबताने जो गारवा मिळतो तो आम्हा सर्वांना ठाऊक आहे. तरीही बाटली ठेवली तरच पाहुण्याचा मान राखला जातो, हे जाहिरातींनी आमच्या मनात इतके खोल रुजवले आहे की स्वतःच्या परसातले फळ पुढे करताना आमचा हात अडखळतो.

भाई बराच वेळ गप्प राहिले आणि मग गाडेवाल्याला म्हणाले, "भिरंडाचे सरबत आहे काय रे?"

"आसा भाई, पूण बाटली ना, ग्लासांत दितां. सोयऱ्यांक चलतलें मू?"

सर्वांत मोठ्याने हसले ते भाईच.