लोक हेही विचारतात

सर्चच्या चौकटीत नुसतं 'सोयाबीन' टाइप करा आणि बोट आवरा. पुढचं सगळं आपोआप होतं. 'सोयाबीन भाव आजचा लातूर', 'सोयाबीनचा भाव वाढणार का', 'सोयाबीन विकावं की ठेवावं', आणि त्याच्या खालीच 'सोयाबीन खाल्ल्यानं वजन वाढतं का'. वरचे तिघं आमच्याकडचे, घरात पोत्यांची थप्पी लावून बसलेले. चौथी व्यक्ती बहुधा पुण्यात सकाळी टेकडी चढत असावी. काळजी एकाच शेंगेची. एकाला वाढ हवीय, दुसरीला नकोय, आणि दोघांच्याही मनासारखं होत नाही.

हे प्रश्न कुणी बसून लिहीत नाही, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला पटलेलं नाही. केव्हिन गिब्ज नावाच्या गुगलमधल्या इंजिनिअरनं नेमून दिलेल्या कामाबाहेरचा उद्योग म्हणून हे सुरू केलं, २००४ साली. २००८ पासून ते सगळ्यांनाच दिसायला लागलं, आणि 'लोक हेही विचारतात' ही पेटी त्याच्याही नंतरची. आधी लोकांनी काय शोधलंय, तुम्ही कुठं बसलाय, कुठल्या भाषेत लिहिताय, सध्या कशाची हवा आहे, एवढं बघून यंत्र तुमचं वाक्य पुरं करतं. पारावर एक माणूस असतो बघा, तुम्ही 'काल मी' एवढं म्हणालात की 'नांदेडला गेलता ना' म्हणून मोकळा. तसं.

शेजारच्या आण्णांचा मात्र ह्या सगळ्यामागं सरकारच आहे असा ठाम समज. किसान सन्मानचं बघायला ते माझ्याकडं येतात. मी 'पीएम' एवढंच टाइप केलं, तर खाली लगेच 'पीएम किसान हप्ता कधी येणार'. आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी तर तोंडबी उघडलं नाही. ह्याला कसं काय कळालं, बापू?"

"समद्यांनीच विचारलंय आण्णा, म्हणून दाखवायलंय."

"समद्यांनी?"

"हो."

"मंग समद्यांला पैसे पायजेत हे कळालंच की त्याला. टाक म्हणाव मंग!"

वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, एवढा साधा हिशेब. आण्णांच्या तर्काला कुठल्यातरी अर्थशास्त्रज्ञाकडं उत्तर असेलही, माझ्याकडं नव्हतं. तोवर ते खालची पेटी वाचायला लागले होते. 'हप्ता जमा झाला नाही तर काय करावे?' ठीक. 'पती-पत्नी दोघांनाही लाभ मिळतो का?' तेही ठीक. 'वडील वारल्यानंतर हप्ता कोणाला मिळतो?' इथं आण्णा थांबले. बराच वेळ थांबले.

"हे आमच्या पोरानं तर विचारलं नसंल?"

हजारो माणसं विचारतात, नाव-गाव काही कळत नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. काही उपयोग नाही. पोरगं पुण्याला कंपनीत, मोबाइल दिवसभर हातात. आण्णांनी तिथूनच फोन लावला आणि त्याला म्हणाले, "मी अजून हाय बरं का."

मला स्वतःला सगळ्यात जास्त छळलंय ते परभणीनं. म्हणजे परभणीबद्दल लोकांना पडणाऱ्या प्रश्नांनी. मुंबईकडं जाणाऱ्या गाड्यांची वेळ बघत होतो. गाड्या राहिल्या खाली, वर पेटी. 'परभणी कशासाठी प्रसिद्ध आहे?' उत्तरात कृषी विद्यापीठ, तुराबुल हक बाबांचा उरूस, सगळं रीतसर. पण इथलं शेंबडं पोरगंही ज्याच्या जोरावर चारचौघांत छाती काढतं, ते 'जगात जर्मनी, भारतात परभणी' कुठंच नाही. पुढचा प्रश्न, 'परभणीला भेट देण्यासाठी सर्वोत्तम वेळ कोणती?' तर म्हणे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. आमची भेट जन्मापासून चालू आहे आणि त्यात मे महिना दरवर्षी येतो, त्याचं काय करायचं हे दिलेलं नाही. तिसरा प्रश्न वाचून मी पाणी प्यायला उठलो. 'परभणीजवळ समुद्रकिनारा आहे का?'

हा कुणी विचारला असेल? कुणीतरी जावई बॅग भरता भरता पोहायची चड्डी हातात घेऊन उभा असणार. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. फारच हट्ट धरला तर येलदरीचं धरण दाखवून वेळ मारून नेता येईल.

आणि ह्या पेटीची खोड अशी, की एक प्रश्न उघडला की खाली आणखी उगवतात. समुद्रावरून मी वाळूवर आलो, वाळूवरून वाळवंटावर, आणि रात्री 'उंट पाण्यावाचून किती दिवस राहू शकतो' हे वाचत बसलो. गाडीची वेळ शेवटी रिक्षावाल्यानं सांगितली.

पाण्याचं निघालंच आहे तर, 'पाणी' टाइप केल्यावर 'दिवसातून किती लिटर प्यावे' आणि 'जास्त प्यायल्याने काय होते' असे प्रश्न येतात. लातूरच्या आतेबहिणीला मी ते दाखवले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, तेव्हा ती तिथंच राहत होती. ती म्हणाली, "आम्हाला तवा एकच विचारायचं असायचं, गाडी टायमावर हाय का?"

२०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली, त्यातून एक नवाच प्रश्न निघाला. 'औरंगाबाद ते छत्रपती संभाजीनगर अंतर किती?' शून्य किलोमीटर. तरी काही जण अजून पोचलेले नाहीत.

दुखण्याखुपण्याचं मी शोधत नाही. शिंकेपासून सुरुवात केली तरी तिसऱ्या प्रश्नाला मृत्युपत्र निघतं.

खरी माणसं भेटतात ती 'सासू' टाइप केल्यावर. 'सासूला वश कसे करावे', 'सासू सतत टोमणे मारत असेल तर', 'सासूला वाढदिवसाला काय द्यावे'. हे तीन प्रश्न तिघींचे असतील, किंवा एकीचेच असतील, अनुक्रमे सोमवार, मंगळवार, बुधवार. आमच्याकडं असलं काही शेजारणीला विचारलं तर संध्याकाळपर्यंत सासूला उत्तरासकट कळतं. त्यामुळं बायका चौकटीला विचारतात, यात मला तरी हसण्यासारखं काही वाटत नाही. हसू येतं ते 'सून' टाइप केल्यावर, कारण तिथंही जवळपास हेच तीन.

रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के असे असतात जे त्याआधी कुणी कधीच केलेले नसतात, असं गुगल सांगतं. एवढं नवं माणसं कुठून आणतात, हे ज्याला बघायचंय त्यानं आण्णांच्या हातात माईक द्यावा. मी दिला.

"हॅलो. मी आण्णा बोलायलोय, परभणीहून. ते बांधाकडच्या पट्टीत कापसावर गुलाबी अळी पडली, मागल्या साली तुक्याच्या रानात पडलीती तीच. दुकानदारानं दिलेलं औषध मारलं, तर ती काय मरंना. काय करावं? आन् जेवलास का?"

फोन थोडा वेळ गरगरला. मग त्यानं एवढ्या सगळ्यातलं जे झेपलं ते उचललं आणि खाली प्रश्न टाकला, 'जेवणानंतर लगेच झोपावे का?'

आण्णांनी तो उघडला, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि म्हणाले, "नको म्हणायलंय. अळीचं उद्या बघू, चल, चक्कर मारून येऊ."