‘आय७च घ्या, स्कोअर बघा’: फिरत असलेल्या एका संदेशाचा प्रतिवाद

अकरावीचे आणि अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापुरातल्या पालकांच्या आणि मित्रमंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर संगणक-खरेदीचा एक संदेश हटकून फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दुकानदाराचे ऐकू नका, नुसते आकडे बघा. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांत, म्हणजे संगणकाचे मुख्य काम करणाऱ्या चिपांत, आय५पेक्षा आय७ केव्हाही सरस. गिगाहर्ट्‌झ (प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे अब्जावधी ठोके) जितके जास्त तितका वेग जास्त. ग्राफिक कार्डाची मेमरी जितकी मोठी तितके ते ताकदवान. जुना संगणक घेताना विंडोजचे रेटिंग (विंडोज स्वतः यंत्राला देत असलेले गुण) दहापैकी सहाच्या खाली असेल तर तो सोडून द्या. आणि शंका उरलीच तर ज्याचा बेंचमार्क स्कोअर, म्हणजे ठरावीक चाचणीत मिळालेले गुण, मोठा तो उचला. या संदेशावर विसंबून राजारामपुरीतल्या दुकानांत साठ-सत्तर हजार रुपये मोजणारी कुटुंबे आहेत, आणि त्यातल्या कित्येकांची ती वर्षभराची शिल्लक असते. म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा आय५-आय७चा. हे आकडे एकाच पिढीतल्या आणि एकाच वर्गातल्या प्रोसेसरांची आपसातली प्रतवारी सांगतात. पिढी किंवा वर्ग बदलला की ती प्रतवारी लागू राहत नाही. इंटेलने २०१६ साली आणलेला आय७-७५००यू आणि २०१७ साली आणलेला आय५-८२५०यू हे दोन्ही लॅपटॉपचे, १५ वॅटचे प्रोसेसर. नावाने थोरल्या असलेल्या आय७मध्ये दोन कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर त्या आय५मध्ये चार. एकट्या कोरच्या कामात दोघे जवळपास सारखे ठरतात, पण काम सर्व कोरांवर वाटले गेले की आय५ स्पष्टपणे पुढे निघून जातो. एवढ्यावरच हे थांबत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११साठी मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत तो आय५ आहे आणि तो आय७ नाही. विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असताना, जुन्या बाजारात केवळ ‘आय७’ या नावासाठी जास्त पैसे देणाऱ्याचे यात दुहेरी नुकसान होते. तेव्हा नावातला पहिला आकडा वाचून थांबू नये. पुढचा संपूर्ण क्रमांक आणि शेवटचे अक्षरही वाचावे. ‘यू’ हे अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर दर्शवते, तर ‘एच’ जास्त वीज घेऊन जास्त काम करणारा.

गिगाहर्ट्‌झबद्दल बोलायचे तर वरच्याच जोडीत आय७चा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्‌झ आहे आणि आय५चा १.६, तरीही निकाल काय लागतो ते आपण पाहिले. हा धडा संगणक-उद्योगाने वीस वर्षांपूर्वीच घेतला होता. २००४ साली पेंटियम ४ने ३.८ गिगाहर्ट्‌झ गाठले, आणि २००६ साली आलेल्या १.८६ गिगाहर्ट्‌झच्या कोअर टू ड्युओने त्याला मागे टाकले, कारण प्रत्येक ठोक्याला तो अधिक काम उरकत असे. शिवाय डब्यावर छापलेला कमाल वेग थोडाच वेळ टिकणारा असतो. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर पडायला पुरेशी वाट नसली, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. सिनेबेंच आर२३ ही चाचणी सर्व कोरांवर एरवी दहा मिनिटे चालू ठेवण्याची सोय आहे ती याचसाठी. पहिल्या फेरीचा आकडा आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा यांतली तफावत पाहिली की त्या यंत्राची थंड राहण्याची क्षमता कळते.

ग्राफिक कार्डाच्या मेमरीचा दावा तर दोन वाक्यांत निकालात निघतो. डीडीआर३ ही जुनी, संथ मेमरी असलेले ४ जीबीचे जीटी ७३० हे २ जीबीच्या जीटीएक्स १०५०च्या आसपासही पोहोचत नाही, कारण चित्र रेखाटण्याचे काम कार्डावरचा प्रोसेसर करतो आणि मेमरी किती मोठी आहे याइतकेच ती किती जलद आहे हेही महत्त्वाचे असते.

विंडोजच्या रेटिंगविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे संदेशाचा पायाच चुकला आहे. हे रेटिंग दहापैकी कधीच नव्हते. व्हिस्टामध्ये त्याची कमाल मर्यादा ५.९ होती, विंडोज ७मध्ये ७.९ आणि विंडोज ८मध्ये ९.९, विंडोज ८.१पासून तर हा आकडा दाखवणारा पडदाच काढून टाकण्यात आला. म्हणजे ५.९ हा आकडा व्हिस्टावर सर्वोच्च होता, आणि तोच विंडोज ७वर मध्यम. दुसरे असे की हे एकूण रेटिंग सरासरी नसून पाच घटकांतल्या सर्वांत कमी गुणाइतके असते. प्रोसेसर ७.१, मेमरी ७.१ आणि हार्ड डिस्क ५.९ असली, तर एकूण आकडा ५.९ दिसतो. विंडोज ७मध्ये साध्या, फिरत्या हार्ड डिस्कला सहसा ५.९च्या वर गुण मिळतच नसत. अशा यंत्रात एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली जलद डिस्क, बसवली की रखडणारे यंत्र चटचट चालू लागते, हे दुरुस्ती करणाऱ्या कोणत्याही कारागिराला ठाऊक आहे. संदेश मात्र ते टाकून द्यायला सांगतो.

राहिला बेंचमार्क स्कोअर. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण तो कोणत्या कामाचा आहे आणि कोणत्या आवृत्तीचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. गीकबेंच या चाचणीच्या ५व्या आवृत्तीत १००० गुणांचा आधार आय३-८१०० हा प्रोसेसर होता. गीकबेंच ६मध्ये २५०० गुणांचा आधार आय७-१२७०० आहे. एका आवृत्तीचा आकडा दुसरीच्या आकड्यापुढे ठेवून केलेली तुलना मुळातच चूक ठरते. मोबाइलच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे: चाचणी ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवल्यामुळे २०१८ साली हुआवेचे काही फोन थ्रीडीमार्क या ग्राफिक चाचणीच्या यादीतून काढण्यात आले, आणि २०२२ साली सॅमसंगचे काही फोन गीकबेंचच्या यादीतून काढले गेले, कारण ते इतर अ‍ॅपांचा वेग रोखत आणि चाचणीला मोकळे सोडत.

आणि सगळे प्रामाणिकपणे झाले तरी एकच स्कोअर सर्वांना पुरत नाही. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅटर्नचे, म्हणजे फाउंड्रीतल्या ओतकामाचा साचा घडवणाऱ्या नमुन्याचे, त्रिमितीय मॉडेल काढणाऱ्याचे काम बहुतांशी एका कोरवर चालते, कारण मॉडेलमधली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते. त्याने सिंगल-कोर आकडा पाहावा. त्याच फाउंड्रीत साच्यातला धातू कसा गोठेल याचे सिम्युलेशन करणाऱ्याला मात्र अनेक कोर आणि भरपूर रॅम लागते. एकाला उत्तम ठरलेले यंत्र दुसऱ्याला विनाकारण महाग पडू शकते. म्हणून खरेदीला जाताना आपल्या कामातली सर्वांत जड फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी, आणि दुकानदार त्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती चालवून देत असेल तर दोन्ही यंत्रांवर ती उघडून, घड्याळ लावून पाहावी.