ओव्हनमध्ये भाजून चाकाचं पावडर कोटिंग होत नाही

मॅगव्हील (बाइकचं तारांऐवजी जाड आऱ्यांचं, ओतलेलं चाक) घरच्या घरी रंगवायचा एक नुस्खा बाइकवाल्यांच्या ग्रुपमध्ये सतत फिरत असतो. चाक घासा, स्प्रेचा डबा मारा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास भाजा. ओव्हन नसेल तर हीट गन किंवा ब्लो टॉर्च फिरवा. बेअरिंग काढायची गरज नाही, चाकाला काही होत नाही आणि रंग पावडर कोटिंगइतका पक्का होतो, असं त्यात छातीठोकपणे सांगितलेलं असतं.

मी माझी चाकं घरीच रंगवतो, त्यामुळे घरी रंगवण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या भाजण्याला.

‘पावडर कोटिंगइतका पक्का होतो.’ नाही होत. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पूड विजेच्या भाराने धातूवर बसवतात. साधारण १८० ते २०० अंशांना ती वितळून पसरते आणि तिचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. नंतर ना ती पुन्हा वितळते, ना पेट्रोलने सुटते. स्प्रेच्या डब्यातला साधा अ‍ॅक्रिलिक रंग वाळतो तो फक्त त्यातला थिनर उडून गेल्यामुळे. तो कितीही तापवा, जी गुंफण त्याच्यात मुळातच नाही ती उष्णतेने येणार कुठून? भाजलेल्या रंगावर थिनरचं फडकं फिरवून बघा, रंग फडक्यावर उतरतो. शिवाय ओला थर एकदम २०० अंशांत गेला की वरची साय आधी आवळते, खालचा थिनर उकळतो आणि बारीक फोड येतात.

‘मग सायलेन्सरचा, ६०० अंश सोसणारा रंग मारा.’ हा सिलिकॉनचा रंग खरोखरच उष्णतेने पक्का होतो, पण त्यासाठी डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने, बहुतेक वेळा २०० अंशांच्या वर तापवावा लागतो. सायलेन्सर गाडी चालवताना आपोआप तेवढा तापतो. चाक कधीच तेवढं तापत नाही. अर्धकच्चा राहिलेला हा रंग पेट्रोलच्या थेंबानेही मऊ पडतो.

‘उष्णतेने चाकाला काही होत नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. बरीच मॅगव्हील सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असतात. ओतल्यावर ती ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग १५० ते १८० अंशांना काही तास ठेवतात. त्या तासांत धातूच्या पोटात अतिसूक्ष्म कण तयार होतात. चाकाची ताकद या कणांची आहे. पुन्हा जास्त तापवलं की कण मोठे आणि विरळ होतात, धातू मऊ पडतो. २०० अंशांना वीस मिनिटांत फारसं बिघडत नाही, म्हणून तर चाकांचं पावडर कोटिंग करता येतं. पण ३०० च्या पुढे हिशेब मिनिटांवर येतो, आणि ब्लो टॉर्चची ज्योत हजार अंशांच्या वर असते. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही. आरा मऊ पडला तरी डोळ्यांना कळत नाही, तो कळतो खड्ड्यात. चाकाला ज्योत लावूच नका.

‘बेअरिंग काढायची गरज नाही.’ असं भाजलेलं एक मागचं चाक माझ्याकडे आलं होतं. काळा रंग बाहेरून छान चमकत होता. हबजवळ (चाकाच्या मधल्या जाड भागाजवळ) मात्र ग्रीसमधून सुटलेलं तेल तीन आऱ्यांवरून ओघळून तपकिरी होऊन वाळलं होतं. ऑइल सीलची कड नखाने दाबली तर वाळक्या चामड्यासारखी कडक लागली. बोटाने फिरवल्यावर बेअरिंग खरखरत होतं. साध्या बेअरिंगचं सील आणि ग्रीस साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे २०० ला दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. चेन स्प्रॉकेटमागचे हबमधले रबरही काढायचे असतात. टायर आणि वॉल्व्ह तर आधीच निघालेले हवेत.

घरच्या ओव्हनबद्दल फार लिहायला नको. १७ इंची रिमचा कडेपर्यंतचा व्यास ४५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, तो बहुतेक ओव्हनच्या दारातच अडतो. बसला, तरी थिनरची वाफ तापलेल्या कॉइलवर पेट घेऊ शकते. आणि ज्यात रंग भाजला त्यात पुन्हा नानकटाई भाजू नका.

खरं टिकाऊपण ठरतं तयारीत, आणि नुस्खा नेमकं तेच ‘चाक घासा’ या दोन शब्दांत उडवतो. चेनच्या ल्यूबमधलं सिलिकॉन राहिलं तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात, म्हणून घासायच्या आधी तेलकटपणा काढायचा आणि घासल्यावर पुन्हा पुसायचा. मग ३२० आणि ४०० चा पॉलिश पेपर. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर नीट धरत नाही, एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने धातू किंचित खरवडून चिकटणारा प्रायमर लागतो. ब्रेकची डिस्क जिथे टेकते ती जागा, बेअरिंगची बैठक आणि टायरची कड जिथे बसते तो भाग मास्किंग टेपने झाका. डिस्कखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि बोल्टची पकड सैल होते. हे सोपं वाटतं, पण ब्रेकशी खेळ आहे.

नंतर पातळ थर द्या, दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. थिनर उडाला की ६० अंशांची ऊब पुरते. गाड्यांच्या पेंट बूथमध्येही साधारण तेवढंच तापमान असतं. मे महिन्यात अकोल्याच्या गच्चीवर काळं चाक एवढं आपोआप तापतं. पावसाळ्यात कोकणात मात्र थांबा, दमट हवेत असा थिनर उडून वाळणारा रंग दुधाळ होतो. टायर चढवायला आठवडा जाऊ द्या. हार्डनर मिसळून मारायचा टू-के (दोन घटकांचा) रंग जास्त टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना दम्यासारखा कायमचा त्रास देऊ शकतं आणि कापडी मास्कने ते अडत नाही. तो पेंट बूथवाल्याकडूनच मारून घ्या.

पावडर कोटिंगच हवं असेल तर बेअरिंग काढलेलं चाक घेऊन जा आणि कारागिराला विचारा, २०० अंश हवेचे मोजता की धातूचे? जाड हब आऱ्यांच्या बरंच मागून तापतो. हबवर तापमान मोजणाऱ्याकडेच चाक द्या.